गोव्यात हीट पंप: गिझर, एसी आणि विजेची मागणी

खांडेपार

युरोपात गॅसचे बॉयलर काढून घराघरांत हीट पंप बसवले जात आहेत आणि थंडीच्या दिवसांत एवढी वीज आणायची कुठून, यावरून तिथे मोठा वाद चालू आहे. आपल्याकडे घर तापवायचा प्रश्नच नाही. पण आंघोळीचं पाणी आपण तापवतोच, आणि आता हेच यंत्र पाणी तापवण्यासाठी गोव्यातही विकायला आलं आहे. फोंड्यात घर बांधणाऱ्या एका नातेवाइकाने विचारलं, बसवू का? त्याच्यासाठी हिशोब मांडायला घेतला आणि तो बिलापुरता राहिला नाही, म्हणून हा धागा.

चौघांच्या घरात दिवसाला 100 लिटर गरम पाणी धरूया. गोव्यात टाकीतलं पाणी 27 अंशांच्या आसपास असतं. ते 52 अंशांवर न्यायला 2.9 युनिट उष्णता लागते. साधा गिझर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, टाकीतून निसटणारी धरली तर दिवसाला सव्वातीन-साडेतीन युनिट वीज जाते. हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही. बाहेरच्या हवेत असलेली उचलतो आणि पाण्यात सोडतो, वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. आपल्या उबदार हवेत एका युनिटला साडेतीन युनिट उष्णता हे काही अवघड नाही. म्हणजे तेच पाणी साधारण एका युनिटमध्ये तापतं.

रोज अडीच युनिट वाचली तर वर्षाला साडेआठशे-नऊशे. पण एप्रिल-मेमध्ये गोव्यात गार पाण्याने आंघोळ करणारेच जास्त, त्यामुळे खरा आकडा याहून कमी. घरगुती वीजदर आपल्याकडे शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा कमी आहेत. युनिटला 4 रुपये धरले तरी वर्षाला तीन हजारांच्या वर बचत जात नाही. चांगल्या गिझरला आठ-दहा हजार लागतात, हीट पंप साठ हजारांच्या पुढेच सुरू होतो. नुसत्या बिलाकडे बघितलं तर नातेवाइकाला 'नको' सांगावं लागेल.

पण प्रश्न बिलाचाच आहे का? गोव्यात स्वतःची वीजनिर्मिती नगण्य आहे. छत्तीसगडमधलं कोरबा, मध्य प्रदेशातलं विंध्याचल अशा लांबच्या कोळशाच्या केंद्रांतून तारांवरून वीज येते. इथे लागणाऱ्या प्रत्येक जादा मेगावॅटसाठी कुठेतरी तार ओढावी लागते, आणि ती तार सह्याद्री ओलांडूनच येते. म्हणून मला विचारायचं आहे ते हे: हीट पंप आले तर गोव्याची विजेची मागणी वाढेल की घटेल? ज्यांनी वापरला आहे त्यांनी कृपया लिहा.

स्विंडन_पेडणे

मूळ पेडण्याचा, बरीच वर्षं स्विंडनला. इथे गोंयकार पुष्कळ आहेत, आणि आमच्या गल्लीत हा विषय सध्या प्रत्येक घरी निघतो. आम्ही गॅस बॉयलर काढून हीट पंप घेतला.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथल्या आकड्यांत आहे. ब्रिटनमध्ये मध्यम घराचा वर्षाचा गॅस 11,500 युनिट आणि वीज 2,700 युनिट असं नियामकाने 2023 मध्ये धरलं. बॉयलर 90 टक्के कार्यक्षम म्हटला तर घराला सुमारे 10,350 युनिट उष्णता मिळते. हीट पंपाने तीच तिपटीने दिली तर वीज लागेल 3,450 युनिट. म्हणजे घराची वीज 2,700 वरून 6,150 वर गेली, दुपटीहून जास्त. एकूण ऊर्जा कमी लागली, घरात जाळ बंद झाला, पण मीटर मात्र जोरात फिरायला लागला. तुमच्या गिझरच्या अगदी उलट.

पैशाचं सांगायचं तर इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे. त्यामुळे तिपटीची कार्यक्षमता मिळूनही बिल आपोआप उतरत नाही. रात्रीचा स्वस्त दर घ्यावा लागतो, नाहीतर यंत्र साडेतीन-चारपट कार्यक्षमतेने चालेल अशी मांडणी करावी लागते. सरकार इंग्लंड-वेल्समध्ये 7,500 पौंड अनुदान देतं, म्हणून आम्ही धाडस केलं. बॉयलर रेडिएटरमध्ये 65-70 अंशांचं पाणी पाठवायचा. पंप 45 च्या आसपास पाठवतो, म्हणून रेडिएटर मोठे घ्यावे लागले आणि छपराखाली जाड अस्तर घालावं लागलं. तो तासभर लावून बंद करायचा नसतो, दिवसभर मंद चालू ठेवायचा. हे घरच्यांच्या अंगवळणी पडायला एक अख्खा हिवाळा गेला.

माझ्या मते हे सगळं करण्यासारखं आहे. पण "वीज वाचते" असं कुणी इथल्या घराबद्दल म्हटलं तर ते खरं नाही. गॅस वाचतो.

मास्तर_डिचोली

स्विंडनच्या दादांनी मुद्दा नेमका सांगितला. हीट पंपाने मागणी वाढते की घटते हे पंपावर नाही, तो कुणाच्या जागी बसला यावर ठरतं. गॅस, डिझेल किंवा लाकडाच्या जागी बसला तर वाढते. विजेच्या कांडीच्या जागी बसला तर घटते.

याचं मोठं उदाहरण फ्रान्स. तिथे अणुवीज मुबलक म्हणून घराघरांत साधे विजेचे हीटर बसवले गेले. परिणाम असा की हिवाळ्यात तापमान एक अंश उतरलं की देशाची मागणी सुमारे 2,400 मेगावॅटने चढते. फेब्रुवारी 2012 च्या कडाक्यात ती 1,02,000 मेगावॅटवर गेली होती. त्या हीटरांच्या जागी हीट पंप बसले तर फ्रान्सचा शिखरभार, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाचा भार, उतरेल. ब्रिटनचा चढेल. यंत्र एकच.

आता भौतिकशास्त्राचं थोडं. उष्णता जितकी वर चढवायची तितकी मेहनत जास्त. गोव्यात 27 अंशांच्या हवेतून 55 अंशांच्या पाण्यापर्यंत 28 अंशांचा चढ आहे. आदर्श यंत्र एका युनिट विजेत जास्तीत जास्त किती युनिट उष्णता देईल ती मर्यादा काढायची तर वरचं निरपेक्ष तापमान (55 अधिक 273) 328 भागिले 28, म्हणजे 11.7. खरं यंत्र त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचतं. स्विंडनला शून्य अंशांच्या हवेतून 45 अंशांच्या पाण्यापर्यंत 45 चा चढ, मर्यादा 318 भागिले 45, म्हणजे सातच्या आसपास. शिवाय तिथे ज्या रात्री कडाका वाढतो त्याच रात्री घराला उष्णता जास्त लागते आणि त्याच रात्री पंपाची कार्यक्षमता घसरते. दोन्ही गोष्टी एकमेकींवर चढतात. युरोपातल्या वीज अभियंत्यांची खरी काळजी ही आहे, वर्षाच्या एकूण युनिटांची नाही.

आपल्याकडे असं होत नाही. जानेवारीतल्या पहाटेही हवा 20 अंशांच्या आसपास असते. हीट पंपाला गोव्यासारखी सोयीची हवा जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

वाहिनी_110

मी वीज क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो. मास्तरांचं शास्त्र बरोबर, त्यात ग्रिडच्या बाजूने भर घालतो.

एक लाख घरांनी 2 किलोवॅटचे गिझर एकाच वेळी लावले तर 200 मेगावॅट होतील. गोव्यासारख्या राज्याला हा आकडा फार मोठा आहे. सुदैवाने तसं होत नाही. कुणी सहाला न्हातो, कुणी आठला, आणि गिझर पंधरा-वीस मिनिटांत सुटतो. म्हणून प्रत्यक्ष भार त्याचा लहानसा हिस्सा असतो. तरीही डिसेंबर-जानेवारीत सकाळचा चढ फीडरवर, म्हणजे एका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, स्पष्ट दिसायचा. 

पण गोव्याचं वर्षाचं शिखर काही सकाळच्या गिझरने ठरत नाही. ते ठरतं एप्रिल-मेच्या उकाड्यात, रात्री जेवणं उरकून घराघरांत एसी लागतात तेव्हा. आणि नवा ट्रान्सफॉर्मर, नवी वाहिनी शिखर बघून घ्यावी लागते, सरासरी बघून नाही. म्हणून गोव्यातले सगळे गिझर उद्या हीट पंप झाले तरी युनिटं वाचतील, कोळसा वाचेल, पण मेच्या रात्रीचं शिखर जवळजवळ जिथल्या तिथे राहील. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण नियोजन करणाऱ्याने ते डोळ्याआड करता कामा नये.

वाहिन्यांचा विषय निघालाच आहे. मोलेच्या जंगलातून 400 केव्हीची वाहिनी, रेल्वेचं दुपदरीकरण आणि महामार्गाचं रुंदीकरण, या तीन कामांविरुद्ध 2020 मध्ये गोव्यात केवढं आंदोलन उभं राहिलं ते सगळ्यांना आठवत असेल. वाहिनीच्या बाबतीत 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच असलेल्या वाहिनीचा पट्टा वापरायला सांगितला. मी दोन्ही बाजूंच्या मंडळींशी बोललो आहे. वीज हवी हे खरं, जंगल हवं हेही खरं. या दोन्हींत भांडण कमी करायचा एकच मार्ग माझ्या हातातला होता: शिखर बोथट करणं. आणि त्याला गरम पाणी फार कामाचं आहे, कारण पाणी थांबू शकतं. दुपारी तापवलेलं पाणी चांगल्या अस्तराच्या टाकीत दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतं. एसीला असं थांबवता येत नाही.

किनाऱ्यावरचा

बार्देशच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात देखभालीचं काम बघतो. घरगुती गिझरवर चर्चा चालली आहे, पण गोव्यात हीट पंपाची खरी जागा हॉटेलं आणि इस्पितळं आहेत. तिथे पाणी बाराही महिने लागतं, भर मे महिन्यातसुद्धा, कारण पाहुण्यांना गरम पाणीच हवं असतं. लाँड्री आणि स्वयंपाकघर वेगळं.

आमच्याकडे आधी डिझेलचा बॉयलर होता. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट उष्णता, जुन्या बॉयलरमधून पाण्यात आठच्या आसपास उतरते. तेवढंच काम हीट पंप 60 अंशांच्या टाकीवर पावणेतीन युनिट विजेत करतो. डिझेल 85-90 रुपये लिटर आणि वीज अगदी 10 रुपये युनिट धरली तरी 27 रुपये. इथे नातेवाइकाच्या घरासारखं सतरा-अठरा वर्षं थांबावं लागत नाही. पण वरच्या नियमाप्रमाणे आम्ही विजेची मागणी वाढवली, हे मान्य केलंच पाहिजे. डिझेलचा धूर गेला आणि मीटरवर भार आला.

आता जे विक्रेते सांगत नाहीत ते सांगतो. खारा वारा. किनाऱ्यापासून जवळ असाल तर बाहेरच्या युनिटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या दोन-तीन पावसांत पिठासारख्या झडायला लागतात. एकदा त्या झडल्या की हवेतून उष्णता उचलणं बंद होतं आणि साडेतीनची कार्यक्षमता दोनवर येते. यंत्र चालूच असतं, पाणी तापतच असतं, म्हणून कुणाला कळत नाही. फक्त बिल फुगतं. लेप दिलेली कॉइल मागून घ्या, महिन्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि युनिट समुद्राकडे तोंड करून लावू नका. विहिरीचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर आतल्या नळ्यांवर क्षार साचतो, त्याची सफाईही ठरवून ठेवा. आणि वीज वाचते म्हणून हॉटेलातली मोठी टाकी 45 अंशांवर ठेवू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, फवाऱ्याच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. साठा 60 अंशांवर हवा.

एक चांगली गोष्टही सांगतो. हीट पंप पाणी तापवताना ज्या हवेतून उष्णता घेतो ती हवा गार आणि कोरडी होऊन बाहेर पडते. आमच्याकडे ती पन्हळीतून लाँड्रीत सोडली आहे. इस्त्रीवर उभ्या असणाऱ्या बायकांना मेमध्ये त्याचं मोल काय ते त्यांनाच विचारा.

सत्तरीतली

मी विजेतलं फार जाणत नाही, पण वाचत होते म्हणून लिहिते. आमच्या वाड्यावर अजून बऱ्याच घरांत न्हाणीत चूल आहे, वर तांब्याचं भाण. खाली झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या जळतात. सगळं परसातलं, एक पैसा लागत नाही. आमच्यासारख्यांनी हीट पंप घेतला तर मास्तरांच्या हिशोबाने आम्ही मागणी वाढवणार, बरोबर ना? आणि पावसात झाड पडून वीज गेली की आंघोळ बंद.

चुलीचा धूर मात्र वाईट. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यांना न्हाणीकडे जाऊ देत नाही.

दुसरा प्रश्न जास्त मनातला आहे. आमच्या बचतगटाच्या बायका सोलं (आमसुलं) करतात. रातांब्यांचा हंगाम एप्रिल-मेचा, सालं रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवावी लागतात, आणि शेवटच्या तोडणीला पावसाने गाठलं की सगळा माल बुरशीला जातो. विजेवरचा ड्रायर बघितला, पण बिलाच्या भीतीने पुढे गेलो नाही. हीट पंपाचा ड्रायरही असतो असं ऐकलं. तो आमच्या कामाचा आहे का?

मास्तर_डिचोली

सत्तरीच्या ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

आधी चुलीबद्दल. परसातलं वाया जाणारं जाळून पाणी तापत असेल तर त्या जागी वीज आणायची घाई करू नका. न्हाणीच्या चुलीला उंच धुराडं आणि झाकलेलं तोंड करून घ्या, सासूबाईंच्या दम्यासाठी ते सगळ्यात आधी. छपरावर ऊन येत असेल तर सौर बंब त्याच्या जोडीला चांगला. पावसाळ्याचे चार महिने चूल, बाकीचे आठ ऊन. 

आता ड्रायर. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान 0.63 युनिट उष्णता लागते, यातून कुणाचीच सुटका नाही. साधा विजेचा ड्रायर ती उष्णता देतो आणि मग ओली गरम हवा बाहेर फेकून देतो, म्हणजे खर्च केलेली सगळी उष्णता खिडकीतून जाते. पावसाळ्यात आत येणारी हवाही आधीच भिजलेली असते. हीट पंपाचा ड्रायर बंद पेटीत चालतो. ओली हवा गार कॉइलवरून नेतो, तिथे बाष्पाचं पाणी होऊन नळीने बाहेर पडतं आणि वाफेत गेलेली उष्णता परत मिळते. तीच उष्णता गरम कॉइलवर देऊन हवा पुन्हा सालांवर सोडली जाते. त्यामुळे एका युनिटमध्ये साध्या ड्रायरपेक्षा दुप्पट-तिप्पट पाणी निघतं. तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवता येतं, रंग काळा पडत नाही. बाहेर कितीही पाऊस असो, पेटीच्या आत कोरडं.

एका कुटुंबाला तो परवडणार नाही. गटाने मिळून घेतला आणि सोलांनंतर त्यावर फणसाचे गरे, केळी असं वर्षभर काम काढलं तर विचार करण्यासारखं आहे. मासळीचा वास मात्र आतल्या कॉइलला धरतो, त्यामुळे सोलं आणि मासळी एकाच यंत्रात नकोच म्हणा.

खांडेपार

किनाऱ्यावरच्या बाबांना आणि मास्तरांना देव बरें करूं. वाहिनी काकांच्या एका वाक्यापाशी मी अडकलो आहे, की शिखर एसीने ठरतं. एसी हासुद्धा हीट पंपच ना? म्हणजे गोव्यात हीट पंपाने मागणी वाढेल का, हा प्रश्न विचारेपर्यंत ती वाढून झालेली आहे. आपण त्याला दुसरं नाव दिलं म्हणून लक्षात येत नाही.

दीड टनाचा एसी खोलीतून तासाला सुमारे 5.3 युनिट उष्णता उचलतो आणि त्यासाठी दीड युनिट वीज घेतो. दोन्ही मिळून 6.8 युनिट उष्णता बाहेरच्या गल्लीत फेकतो. माझ्या पहिल्या हिशोबातल्या 100 लिटर पाण्याला 2.9 युनिट लागत होती! म्हणजे एसी पूर्ण जोराने अर्धा तास चालला की चौघांच्या आंघोळीची उष्णता गल्लीत गेली. आणि सकाळी आपण तेवढीच उष्णता नव्याने विकत घेतो. ही उष्णता पकडता येते का?

किनाऱ्यावरचा

येते, आणि काही मोठी हॉटेलं पकडतातही. कॉम्प्रेसरमधून निघणारा वायू फार गरम असतो. बाहेरच्या कॉइलकडे जाण्याआधी तो एका छोट्या अदलाबदलीच्या नळीतून नेतात, दुसऱ्या बाजूने पाणी. त्याला डीसुपरहीटर म्हणतात. सगळी उष्णता मिळत नाही, वरचा पाचवा हिस्सा धरा. तरी तुमच्या दीड टनाच्या हिशोबाने दोन-सव्वादोन तासांत 100 लिटर पाणी तयार, एक पैसा न देता, उलट बाहेरच्या कॉइलवरचं ओझं हलकं होतं. मध्यवर्ती एसी असलेल्या हॉटेलात हे आधी करावं, हीट पंप नंतर. घरातल्या स्प्लिट एसीवर मात्र कुणा मेकॅनिककडून नळी कापून असले प्रयोग करून घेऊ नका. वॉरंटी जाते आणि वायू गळतो.

मास्तर_डिचोली

वायू गळण्याचं हलक्यात घेऊ नका. जुन्या एसीतला आर-410ए हा वायू हवेत गेला तर एक किलोचा तापवण्याचा परिणाम दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडएवढा. आर-32 चा 675 किलोएवढा. प्रोपेन म्हणजे आर-290 चा जेमतेम तीन-चार किलोएवढा, पण तो पेट घेतो. भारतीय ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे किलोभर आर-410ए सुटला तर जवळपास तीन हजार युनिटांची बचत वाहून गेली. जोडणी करणारा माणूस चांगला असणं हे स्टारच्या लेबलाइतकंच महत्त्वाचं आहे.

वाहिनी_110

खांडेपार, तुमचं म्हणणं अगदी बरोबर, आणि म्हणून मी सांगेन की पैसे एसीवर घाला. लेबलवरची वार्षिक युनिटं 1,600 तासांवर काढलेली असतात. गोव्यात एकाच बेडरूमचा एसी रात्रभर लागत असेल तर आठ तासांप्रमाणे 200 रात्रींत तेवढे तास भरतात. तीन स्टार आणि पाच स्टारमधला फरक इथे खरोखर वसूल होतो, आणि तो नेमका मेच्या रात्री, शिखराच्या वेळी वाचतो. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर सुरू होतात. एक अंश वर ठेवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. गोव्यातला उकाडा निम्मा घामाचा आहे. 26 वर एसी आणि वर पंखा, एवढ्यात झोप लागते.

हॉटेलवाल्यांसाठी वेगळं. केंद्राच्या 2023 च्या नियमदुरुस्तीत वेळेनुसार दराची तरतूद आहे: ऊन असतानाच्या तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त, आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना शिखराच्या तासांत किमान 1.2 पट. हीट पंप सकाळी दहा ते चार चालवून टाकी भरून ठेवली तर मागणी वाढूनही ग्रिडला त्रास नाही. जपानमध्ये 2001 पासून कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती हीट पंप विकले जातात, लाखोंनी बसले आहेत. सुरुवातीला ते रात्रीच्या स्वस्त अणुविजेवर चालावेत अशी योजना होती. आता सौरवीज वाढल्यावर त्यांनाच दुपारी चालवायला सांगतात. यंत्र तेच, घड्याळ बदललं.

घरच्या छपरावर सौर पॅनल असलेल्यांनीही गिझर दुपारी लावावा. नेट मीटरिंगमुळे बिलात फरक दिसणार नाही, पण तुमची दुपारची वीज तारेवर न जाता घरातच मुरली की तुमच्या ट्रान्सफॉर्मरला तेवढा आराम.

स्विंडन_पेडणे

हे वाचून इथली एक गोष्ट आठवली. आमच्या गल्लीत सगळे विचारायचे, सगळ्यांनी पंप घेतले तर केबल जळेल का? आमचा पंप उणे तीन अंशांच्या रात्री अडीच किलोवॅटच्या आसपास घेतो. चहाची किटली तीन किलोवॅट घेते. पण किटली तीन मिनिटं, पंप रात्रभर, आणि सगळ्यांचा एकदम. वाहिनी काका म्हणतात ते "एकाच वेळी होत नाही" हे गणित हीट पंपाला इथे लागू पडत नाही. म्हणून बसवण्याआधी वीजवाहिनीच्या कंपनीला कळवावं लागतं. गोव्यात नव्या इमारतीत वीस एसी लागतात तेव्हा असं कुणी आधी मोजतं का?

वाहिनी_110

मंजूर भार मोजतात. पण एका फ्लॅटला एक एसी धरून अर्ज केलेला असतो आणि तीन वर्षांत तिथे तीन एसी होतात, भार वाढवायचा अर्ज कुणी करत नाही. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडतो त्याचं मोठं कारण हे आहे. धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी एसी वाढवले असतील त्यांनी बिलावरचा मंजूर भार एकदा बघावा आणि कमी असेल तर वाढवून घ्यावा. तुमच्याच वाड्याचं व्होल्टेज सुधारेल.

खांडेपार

नातेवाइकाला आज हे सांगितलं: साधा पाच स्टार गिझर, छपरावर सौर पॅनलांसाठी जागा आणि पाइप आधीच काढून ठेव, दोन्ही बेडरूमना पाच स्टार इन्व्हर्टर एसी, पश्चिमेच्या भिंतीला सावली, आणि सगळे एसी धरून मंजूर भार घे. तीन किलोवॅटच्या पॅनलांना पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे हीट पंपाला घालायचे पैसे तिकडे वळले तर त्याची वीज तो स्वतःच करेल. त्याने विचारलं, गेस्ट हाऊस काढलं तर? मग मात्र हीट पंपच, असं सांगितलं.

सत्तरीतली

आमच्या गटाने ड्रायरची चौकशी करायचं ठरवलं. विकत घेण्याआधी काय काय विचारायचं, ते कुणी सांगाल का?

किनाऱ्यावरचा

बाय, चार गोष्टी विचारा. एका युनिट विजेत किती लिटर पाणी काढतो, ते लेखी द्या म्हणावं. सिंगल फेजवर चालतो का, आणि व्होल्टेज 180 पर्यंत उतरलं तर कॉम्प्रेसर सुरू होतो का, कारण तुमच्याकडे संध्याकाळी ते उतरत असणार. आतल्या कॉइलला आंबटाचा त्रास होऊ नये म्हणून लेप आहे का, सोलांच्या रसाची आम्लता तांबं खाते. आणि बिघडला तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार. वाळपईत किंवा साखळीत एसीचं काम करणारा कुणी असेल तर त्याला यंत्र बघायला घेऊन जा, नाही म्हणाला तर ते यंत्र घेऊ नका. शक्य असेल तर तुमची दहा किलो भिजवलेली सालं घेऊन जा आणि त्यांच्याच मशीनमध्ये मीटर लावून वाळवून दाखवायला सांगा.